दुरून घेतलेला फोटो

अहो,

'प्रिय' असं लिहून पाहिलं आणि खोडलं. आपल्या सगळ्या संसारात तुम्हाला एकाच शब्दानं हाक मारली, आता तुम्ही गेल्यावर दुसरा कुठून आणू?

तुमची निगेटिव्ह अंधारखोलीत दोरीला टांगली आहे. ओली आहे. वाळेपर्यंत तिच्याकडे फिरकायचं नाही, पंख्यानं वारा घालायचा नाही, हा तुमचाच नियम. पण तोवर मी करू काय? तांदूळ निवडले, ट्रे घासले, पुढचं दार उघडून कोणी आलं का पाहिलं. कोणी आलं नव्हतं. हवा पावसाळी, आज ती लवकर वाळायची नाही. आत्याबाई शेवटी म्हणाल्या, "एका जागी बस ना व. तुले पाहून मलेच घेरी येऊन राह्यली." म्हणून बसले. आणि बसायचंच तर तुमच्याशी बोलावं.

आज दुपारच्या गाडीनं तुमचे दादा वडशाहून येताहेत. उद्या सकाळी ते ही निगेटिव्ह घेऊन नागपूरला जाणार. वर्षश्राद्ध जवळ आलं, भिंतीवर तुमचा फोटो हवा, आणि आहे त्या एकुलत्या फोटोत तर तुमचा चेहरा काळाठिक्कर. मग दादांनी नागपूरचा एक चित्रकार शोधून काढला. तो म्हणे फोटोवरून रंग फिरवून डोळे, मिशी सगळं बसवून देतो. फक्त समोर कोणीतरी बसायला पाहिजे. मागच्या खेपेला दादा ओसरीत बसून आपल्या मायला, आत्याबाईंना, सांगत होते, मी दाराआड उभी होते. "मीच बसतो ना माय. आमी दोघं भाऊ. नाकडोळे सारखेच."

नाकडोळे सारखे? तुमचं नाक त्यांच्यासारखं कधी होतं? त्यांचं सरळ, तुमचं मधेच थोडं उजवीकडे वळलेलं. ते लहानपणी बैलगाडीवरून पडल्यामुळे, असं तुम्ही सांगायचा, आणि आत्याबाई म्हणायच्या जन्मापासूनच तसं आहे. आणि समजा लागला तो फोटो. शरीर तुमचं, चेहरा दादांचा, म्हणजे माझ्या भासऱ्यांचा. मग रोज सकाळी फूल वाहताना मी काय करू? डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून उभी राहू? स्वतःच्या नवऱ्यासमोर?

दादांचं वाईट मुळीच नाही. तुम्ही गेल्यापासून ते माणूसच अर्धे झालेत. धान कापणीच्या धांदलीतही महिन्याला येतात, आत्याबाईंसाठी काहीबाही आणतात, बाहेरच्या बाहेर विचारून जातात की सूनबाईचं ठीक आहे ना. त्यांना तुमचा चेहरा पाहिजे, कसाही. मलाही पाहिजे. पण कसाही नको.

तुमचा दुसरा फोटो नाही यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तुम्ही सगळ्या चांदा शहराचे फोटो काढलेत, दिव्याखाली अंधार. शाळेतला एक ग्रुप आहे, त्यात तुमचं डोकं हरभऱ्याएवढं, आणि तुम्ही नेमके शेजारच्याकडे पाहताय. बाकी जिथे जिथे फोटो, तिथे तिथे तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे. मी कितीदा म्हटलं असेल, आज माझ्यासमोर बसा म्हणून. "काढू ना, पळून चाललो का मी?" हे तुमचं उत्तर. मग एटापल्लीकडून अंगात ताप घेऊन आलात, तरी आल्याबरोबर अंधारखोलीत शिरलात, आधी रीळ धुतो म्हणून. का हो? ते रीळ कुठे पळून चाललं होतं?

आता आज सकाळी मी काय केलं ते ऐका, आणि रागवायचं असेल तर रागवा.

ते पिवळं औषध काढलं. तेच, ज्याच्या बाटलीवर तुम्ही लाल खूण करून ठेवली होती. फिकी निगेटिव्ह घट्ट करायचं. 'दुसरी प्रत नसेल तर या बाटलीला हात लावायचा नाही,' असं तुम्ही मला बजावलं होतं. पण दादा तिला घेऊन गेले की ती माझ्या हाताबाहेरच जाणार, मग राखून तरी काय करायची? आधी एक टाकाऊ निगेटिव्ह घालून पाहिली. ती नीट निघाली. मग तुमची घातली.

आणि तुम्ही दिसेनासे झालात. हे मला माहीत होतं. आधी चित्र उडतं, मग धुवून परत डेव्हलपरमध्ये टाकलं की घट्ट होऊन येतं, हे तुमच्याच हातून पाहिलेलं. तरी त्या ट्रेवर वाकून मी उभी होते आणि समोर नुसता फिकट पट्टा, तुम्ही नाहीत, मागचं रचलेल्या धानाचं पुंजणं नाही, झाड नाही. जगात होता तो एक चेहराही मी पुसून टाकला, असं वाटलं. रांजणातलं गार पाणी घालघालून पिवळेपणा जाईपर्यंत धुतली. मग डेव्हलपर. काहीतरी परत आलं. काय आलं ते ओलेपणी कळेना, आणि डोळ्यांत पाणी असताना तर मुळीच कळेना. टांगली आणि बाहेर आले. बोटं अजून पिवळी आहेत.

थांबा, पाहून येते.

ओलीच आहे.

मला राग कोणाचा येतो सांगू? त्या नव्या कॅमेऱ्याचा. तुम्ही हसाल. निर्जीव वस्तूवर कसला राग? पण तुम्हीही तर त्याच्यावर माणसासारखं प्रेम केलंत. नागपूरहून तो आणलात तेव्हा जेवण सोडून मला दाखवत बसला होतात. "हे झाकण उघड. पाह्य, काटा हालला. डोक्यातच मीटर हाय याच्या. आता ते डबी घेऊन लोकाईच्या तोंडाजवळ जाचं कामच नाई."

मला तर तीच डबी आवडायची. तळहातात मावणारी, पुढे मधाच्या पोळ्यासारखी काच, मागे फिरवायची चकती. चेहऱ्याजवळ नेली की चेहऱ्यावरचा उजेड मोजायची, काटा सांगेल तसं कॅमेऱ्यावर लावायचं. आणि ती चेहऱ्याजवळ न्यायची म्हणजे तुम्हाला कॅमेरा सोडून माणसापर्यंत चालत जावं लागायचं. तिथे गेलात की तुम्ही गप्प राहायचा थोडेच? नवरदेवाला काहीतरी विचारायचा, म्हातारीला तिच्या शेळ्यांचं विचारायचा. परत येईपर्यंत त्या माणसाचा लाकडासारखा चेहरा सैल झालेला असायचा.

एटापल्लीकडच्या एका गावातली म्हातारी तुम्हीच सांगितली होती. तिच्या हनुवटीजवळ डबी धरली, तर तिनं गोंडीत काहीतरी विचारलं. गावच्या पाटलानं मराठी करून सांगितलं, "हे काय सांगते म्हून विचारून राह्यली." तुम्ही म्हणालात, उजेड किती आहे ते सांगते. त्यावर ती म्हणाली म्हणे, तुला डोळे नाहीत का? आणि तुम्ही दोघंही हसलात, आणि ते हसू विरायच्या आत तुम्ही परत येऊन फोटो घेतलात. तो फोटो मी छापला होता. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती आली होती. सावळा चेहरा, पांढरं लुगडं, मागे बांबूतून पडलेलं ऊन, तरी चेहरा स्वच्छ.

नव्या कॅमेऱ्याचे फोटो पण मीच छापत होते, हे विसरू नका. तुम्ही बाहेर उन्हात, मी आत अंधारात. तुम्हाला काटा दिसायचा, मला त्याचा निकाल दिसायचा. तो काटा कॅमेरा जिथे असेल तिथून पाहतो. त्याला समोरचं सगळं एकदम दिसतं: आभाळ, चुन्याची भिंत, पांढरी धोतरं, आणि मधे कुठेतरी माणूस. सगळ्याची गोळाबेरीज करून तो म्हणतो, भरपूर उजेड आहे. आणि आपल्या माणसांचे चेहरे, तेही झाडाखाली उभे असलेले, जातात काळोखात. आभाळ काय सुंदर यायचं त्या वर्षी! ढग मोजावेत असं. मी ओले प्रिंट तुमच्यासमोर धरायची आणि म्हणायची, हे ढगांचे पैसे कोण देणार?

तुम्ही चिडायचा. "कॅमेरा घेऊन जवळ जाऊन काटा पाह्यता येते, मंग मागं येऊन फोटो घ्याचा. मीटरचा काय दोष?" बरोबर होतं तुमचं. येतं ना जाता. पण जात होता का तुम्ही? कॅमेऱ्यातच काटा असला की माणूस जिथे उभा आहे तिथेच उभा राहतो. डबी हातात असली की पाय आपोआप पुढे पडतात. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होता, "तुह्यापुढे बोलून कोणी जितलं का?"

आणि मग ती मंडई, दादांच्या गावची दिवाळीनंतरची जत्रा. तुम्ही गेलात त्याच्या आधीची.

सगळं गाव पाहुण्यांनी भरलेलं. आदल्या रात्री नाटक झालेलं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे तांबडे, तरी फोटो म्हटल्यावर सगळे धुवून-पुसून खळ्यात हजर. तुम्ही घरच्यांचे फोटो काढलेत, शेजाऱ्यांचे काढलेत, दादांचा बैलजोडीसकट काढलात. मग आत्याबाईच म्हणाल्या, "सगळ्याईचे काढतेस, तुहा कोण काढन? सूनबाईले दे ते यंत्र." मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. पण माय म्हणाली म्हणून तुम्ही मोहाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिलात. मागे धानाचं पुंजणं, नुकतं रचलेलं, उन्हात सोन्यासारखं लखलखत. तुम्हाला ते पुंजणं फोटोत हवं होतं. तुम्ही स्वतः सावलीत.

मी पिशवीतून डबी काढली आणि निघाले. थोडीशीच आले असेन. तुम्ही हलक्या आवाजात म्हणालात, "राहू दे ते. दुरूनच घे. दादा बसले हायेत."

दादा बाजेवर बसले होते. त्यांच्यासमोर बायकोनं नवऱ्याच्या गालाजवळ हात न्यायचा, आणि तोही भर खळ्यात! मला कळलं. मी मागे सरले. कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, वरून आत पाहायला मान खाली घातली, काटा खुणेवर आणला, बटण दाबलं. काट्यानं पुंजणं मोजलं. तो बिचारा दुसरं काय करणार?

पण अहो, किती नव्या नवरीमुलींच्या गालाजवळ तुम्ही त्यांच्या सासवांसमोर ती डबी धरलीत! किती पाटील, किती मास्तर, किती लाजऱ्या पोरी! कोणाची लाज गेली? आणि तुमच्या गालाजवळ मी ती धरली असती, घटकाभर, तर दादा काय उठून गेले असते? की तुम्हालाच लाज वाटत होती? कधी विचारलं नाही. आता विचारते.

तुम्ही ते रीळ धुतलंत आणि निगेटिव्ह खिडकीशी धरून हसलात. "पुंजण्याचा फोटो झकास आला. माणूस पुढच्या मंडईले काढू." मीही हसले. पुढच्या मंडईला तुम्ही नव्हता.

वाळली असावी. जाते. 

*

आले परत.

छापला. लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये सोडला आणि तुम्ही शिकवलंत तसा ट्रे हळूहळू हलवत राहिले. आधी झाडाचा बुंधा काळा होत आला, त्यावर टोपी आणि धोतर पांढरं राहिलं. मधे चेहऱ्याच्या जागी नुसतं करडं. मग कपाळ आलं. मग नाकाची एक कड, उजवीकडे वळलेली. तुमचंच नाक! मी मोठ्यांदा बोलले असेन, कारण बाहेरून आत्याबाईंनी विचारलं, "का झालं व?"

डोळे नाही आले. तिथे सावलीच आहे, आणि ती कुठल्याही औषधानं जायची नाही. फिल्मवर तिथे उजेड पोचलाच नव्हता, तर येणार काय? तेवढं मी मनाला समजावून सांगितलं होतं.

पण तोंड आलं. आणि तोंड उघडं आहे. आणि उजवा हात, जो इतके दिवस झाडाच्या बुंध्यात मिसळून गेला होता, तो पुढे आलेला दिसतो. तुम्ही बोलताय. मी बटण दाबलं तेव्हा तुम्ही मला काहीतरी सांगत होता, आणि मी काट्याकडे पाहत होते.

काय सांगत होता? 'दुरूनच घे' हे तर म्हणून झालं होतं, मी मागेही गेले होते. मग हे आणखी काय? आणखी मागे जा? पदर सांभाळ? पुंजणं पुरं घे? मी तो ओला कागद काचेवर ठेवून त्या तोंडाकडे इतका वेळ पाहत बसले की चूल विझली.

दादा आले ते तेव्हाच. पाय धुतले, ओसरीत बसले. मी कागद आत्याबाईंच्या हातात दिला आणि दाराआड झाले. त्यांनी तो दादांसमोर धरला.

दादांनी तो हातात घेतला. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. म्हणाले, "हे तोंड काऊन उघडं हाय, माय?"

"बोलून राह्यला ना."

"काय बोलून राह्यला?"

आत्याबाई लगेच म्हणाल्या, जणू कोणी कधी विचारतं याचीच वाट पाहत होत्या. "'ये' म्हणला. हे मागं सरली ना, तवा. हात दाखवला न म्हणला, 'ये, आण ते तुही डबी.' हे मुंडी खाली घालून होती, हिले आयकूच नाई आलं."

अहो, आत्याबाई त्या दिवशी बायकांच्या घोळक्यात, पार घराच्या दाराशी बसल्या होत्या. आणि त्यांना चहा झाला म्हणून सांगायचं तर मला कानाशी जाऊन ओरडावं लागतं. त्यांना तुमचं बोलणं ऐकू आलं असेल? मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

दादांनी कागद मांडीवर ठेवला. मग दाराकडे तोंड केलं. आजवर ते माझ्याशी बोलले ते आत्याबाईंच्या मार्फत. आज सरळ बोलले.

"मी तिथून उठलो असतो, बाई. मले कोणी म्हटलं असतं तं मी उठून गेलो असतो."

 मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. त्यांना काय सांगणार? की दादा, तुम्ही उठायची गरज नव्हती, नुसतं दुसरीकडे पाहिलं असतं तरी चाललं असतं? की आम्हा दोघांनाच हे तुम्हाला म्हणता आलं नाही?

"नागपूरले नाई जात मी," ते आत्याबाईंना म्हणाले. "हे हाय हेच लाव. डोये नसले तं नसले. बोलून तं राह्यला."

तर उद्या तुम्ही भिंतीवर लागणार, तोंड उघडं ठेवून. श्राद्धाला येणारे नावं ठेवतील, ठेवू दे. कोणी विचारलं काय म्हणतोय हा, तर आत्याबाई सांगतील. मी रोज ऐकेन. खरंच म्हणाला होता का हो तसं? म्हणाला असाल तर मान वर करायला मला एवढा उशीर व्हायला नको होता.

एक वचन देते, आणि हे तुमच्या 'पुढच्या मंडईले'सारखं नाही. उद्या दादा परत जायच्या आत, परसात ऊन आलं की दोघांना बसवणार आहे. आत्याबाईंच्या गालाजवळ डबी धरीनच, त्या माझ्याच आहेत. पण दादांच्याही धरीन. भासरे असले तरी. डोक्यावरचा पदर पडला तर पडू दे, ते लाजले तर लाजू दे, मी त्यांच्यापर्यंत चालत जाईन, काटा थांबेपर्यंत हात तिथे ठेवीन, आणि मग डोळे वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहीन.

तुमची,
वेणू